वर्धापनदिनाचे नवे गीत : वाचकांचे प्रश्न

मंडळीचा, म्हणजे चर्चमधल्या ख्रिस्ती समाजाचा, रौप्य, सुवर्ण किंवा शताब्दी महोत्सव जवळ आला की नव्या गीताची मागणी हमखास होते. याच विषयावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या अंकात घेत आहोत. बहुतेक पत्रांत वृत्त आणि चाल यांचीच अडचण लिहिलेली आहे, म्हणून त्या उत्तरांना जास्त जागा दिली आहे.

सप्रेम सलाम. आमच्या मंडळीला पुढच्या वर्षी शंभर वर्षे पूर्ण होतील. पंच कमिटीने माझ्याकडे गीत सोपवले आहे, पण त्यात पहिल्या मिशनऱ्यांपासून आजच्या पाळकसाहेबांपर्यंत सगळ्यांची नावे, शाळा आणि दवाखाना कधी सुरू झाला ती सालं, हे सगळे यावे असा आग्रह आहे. आमची पहिली उपासना गावाबाहेरच्या माळावर कंदिलाच्या उजेडात झाली. पुढे बायकांनी रोज मूठभर जोंधळे बाजूला काढून इमारतीसाठी पैसे उभे केले. एवढे सगळे चार कडव्यांत कसे बसवू?
— मंडळीचा चिटणीस, जालना जिल्हा

सगळे बसवू नका. नावे आणि सालं स्मरणिकेत जाऊ द्या, तिथे ती नीट वाचली जातील आणि कुणाचे नाव राहिल्याची तक्रारही येणार नाही. गीतात अकरा पाळकांची नावे घेतली आणि बारावे मात्रेत बसले नाही, तर बाराव्याचे कुटुंब त्या दिवशी गप्प उभे राहते. शिवाय नावांचे गीत पुढच्या वर्षी कुणी गात नाही. वर्धापनदिनाचे गीत देवाने या मंडळीसाठी काय केले ते सांगते आणि ते देवाला उद्देशून असते. अहवाल वाचणे हे चिटणिसाचे काम आहे, ते गीताकडे देऊ नये.

पण तुमच्या पत्रात दोन गोष्टी अशा आहेत की त्या गीतातच हव्यात: माळावरचा कंदील आणि मूठभर जोंधळे. या दुसऱ्या कुठल्या मंडळीच्या नाहीत, तुमच्याच आहेत. एका गीताला अशा दोन खुणा पुरतात. तिसरी घातली की यादी व्हायला लागते.

आधाराला पवित्र शास्त्रातला एकच उतारा धरा आणि त्याच्याच आसपास राहा. शंभर वर्षांसाठी १ शमुवेल ७:१२ मधला एबन-एजर, म्हणजे शमुवेलाने उभा केलेला साहाय्याचा धोंडा, किंवा यहोशवा ४ मधले यार्देनेतले बारा धोंडे चांगले. मुलांनी विचारावे आणि वडिलांनी सांगावे असा प्रसंग तिथे आयताच आहे. सुवर्ण महोत्सव असेल तर लेवीय २५ मधले पन्नासावे वर्ष. इमारतीचा वर्धापनदिन असेल तर स्तोत्र १२७ किंवा १ पेत्र २:५ मधले जिवंत धोंडे. नहेम्या १२ मध्ये कोटाच्या समर्पणाला गाणाऱ्यांच्या दोन टोळ्या दोन बाजूंनी चालत येतात. तुमच्याकडे दोन गायनमंडळे असतील तर आलटून पालटून गाण्याची कल्पना तिथून घेता येईल. चार-पाच उतारे एकत्र केले की प्रत्येक कडवे वेगळ्या गीतातून उचलल्यासारखे वाटते.

कडव्यांचा क्रम असा ठेवून पाहा. पहिल्यात आरंभ, दुसऱ्यात पूर्वजांचा विश्वास, तिसऱ्यात कबुली, चौथ्यात पुढची प्रार्थना. तिसरे कडवे बहुतेक गीतांत नसतेच. शंभर वर्षांत कोणती मंडळी भांडली नाही, फुटली नाही, थंड पडली नाही? ते एका कडव्यात देवापुढे मांडले की चौथ्या कडव्यातली प्रार्थना खरी वाटते.

तुमच्या तपशिलावरून नमुन्यादाखल चार कडवी मोठ्या अभंगात रचून देत आहोत. प्रत्येक कडव्यात ६, ६, ६ आणि ४ अक्षरे. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे यमक.

*गाऊ उपकार । प्रभो, तुझे ॥ धृ ॥*

*रानमाळावर । पेटली ही वात ।*
*तुझा होता हात । पाठीवरी ॥*

*पणजीने दिले । मूठभर दाणे ।*
*त्यांचे आज गाणे । ओठी आले ॥*

*दुरावलो कधी । आपसांत आम्ही ।*
*तरी तूच स्वामी । जोडणारा ॥*

*उघडे असो दे । देवळाचे दार ।*
*आल्यागेल्या थार । मिळो येथे ॥*

तुमच्याकडे ‘देऊळ’ म्हणत नसतील तर ‘मंदिराचे दार’ घ्या, अक्षरे तेवढीच भरतात. शंभर हा आकडा गीतात कुठेही घेतलेला नाही. त्यामुळे एकशे एकाव्या वर्षीही ते जसेच्या तसे गाता येईल.

मी सोळा मात्रांच्या ओळी मोजून लिहिल्या आहेत. पहिल्या दोन अशा: ‘शंभर वर्षे मंडळी तुझी / प्रेमे सांभाळिलीस देवा’. मात्रा बरोबर भरतात, पण केरव्यात गाताना दोन्ही ओळींत गायनमंडळ अडखळते. चूक कुठे आहे?
— संगीत शिक्षिका, मिरज

ताई, मोजणी बरोबर आहे, तोड चुकली आहे. केरवा आठ मात्रांचा, चार-चारचे दोन भाग. म्हणून सोळाची ओळ चार-चार मात्रांच्या चार घासांत तुटली पाहिजे, आणि आठव्या मात्रेला शब्द संपला पाहिजे.

पहिली ओळ फोडून पाहू. ‘शंभर’ म्हणजे २+१+१, ‘वर्षे’ म्हणजे २+२. इथवर उत्तम. पुढे ‘मंडळी तुझी’: मं २, ड १, ळी २, तु १, झी २. बेरीज आठच, पण ‘ळी’ बाराव्या मात्रेला सुरू होऊन तेराव्यात संपते. तबल्याचा ठोका तेराव्या मात्रेला पडतो तेव्हा गाणारा ‘ळी’च्या मधोमध असतो. कसलेला गायक ते ओढून नेईल. मंडळीतले निम्मे लोक ‘मंडळि’ असे तोकडे म्हणून पुढे जातात, निम्मे लांबवतात, आणि तिथेच गोंधळ होतो.

दुसरी ओळ: ‘प्रेमे’ ४, ‘सांभा’ ४, ‘ळिलीस’ ४, ‘देवा’ ४. घास चोख आहेत, पण ‘सांभाळिलीस’ हा शब्द आठव्या मात्रेवरून पलीकडे जातो. मिनिटाला ९६ मात्रांची लय धरली तर सोळा मात्रांना दहा सेकंद लागतात. वयस्कर माणसे दहा सेकंद एका दमात गात नाहीत, ती मध्यावर श्वास घेतात. मग ऐकू येते ते ‘प्रेमे सांभा... ळिलीस देवा’.

दुरुस्ती अशी करता येईल:

*शंभर वर्षे मंडळिस तुझ्या*
*सांभाळुनिया आणियले तू*

शंभर, वर्षे, मंडळि, सतुझ्या. सांभा, ळुनिया, आणिय, लेतू. आठही घास चार-चार मात्रांचे, आणि दोन्ही ओळींत आठव्या मात्रेला शब्द संपतो. समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, ‘शं’, ‘मं’, ‘सां’, ‘आ’ ही वजनदार अक्षरे येतात. ‘तुझ्या’मधला ‘तु’ लघुच (एका मात्रेचा) धरायचा. जोडाक्षराआधीचे अक्षर आघात आला तरच गुरू (दोन मात्रांचे) होते. ‘तुझ्या’, ‘त्याच्या’, ‘कुऱ्हाड’ यांत आघात येत नाही. ‘मंडळी’चे ‘मंडळि’ करणे पद्यात चालते. ज्या शब्दावर ओळीचा सूर थांबतो, तिथे मात्र ऱ्हस्व-दीर्घाची ही सवलत घेऊ नका, ते कानाला खुपते.

महोत्सवाची नावेही आधी मोजून घ्या. ‘अमृत महोत्सव’ आणि ‘रौप्य महोत्सव’ आठ मात्रांचे आहेत. ‘सुवर्ण महोत्सव’ आणि ‘हीरक महोत्सव’ नऊ मात्रांचे, म्हणून केरव्यात ते कायम एक मात्रा सांडतात. ‘वर्धापनदिन’ आठ मात्रांत बसतो, पण तो निमंत्रणपत्रिकेतला शब्द आहे आणि गाताना कोरडा लागतो. उलट ‘पवित्र आत्मा’ आणि ‘येशू ख्रिस्ता’ बरोबर आठ मात्रांचे, म्हणजे केरव्याचे एकेक आवर्तन. ‘परमेश्वर’ सहा मात्रांचा, तो सहा मात्रांच्या दादरा तालात सहज उतरतो.

आणखी एक गोष्ट सगळ्या ओळींना लावून पाहा. आपल्याकडे ओळीचा पूर्वार्ध दोनदा गाण्याची रीत आहे, म्हणून तो अर्धा भाग एकटा काय सांगतो ते तपासा. ‘आम्हां विसरला नाहीस देवा’ ही ओळ वाचायला निर्दोष आहे. गायनमंडळाने ‘आम्हां विसरला, आम्हां विसरला’ असे घोळवले की अर्थ उलटा होतो. नकार पूर्वार्धातच यायला हवा, नाहीतर ओळ होकारार्थी करा.

इंग्रजी चालीवर मराठी शब्द लिहायचे आहेत. अक्षरे मोजून ८-६-८-६ बसवली, तरी ऐकायला परके वाटते.
— ऑर्गनवादक, पुणे

अक्षरांची संख्या जुळली तरी वजन जुळत नाही, म्हणून. ८-६-८-६ च्या बहुतेक चाली ठोक्याच्या आधीच्या हलक्या सुरावर सुरू होतात आणि ठोका दुसऱ्या अक्षरावर पडतो: हलके-जड, हलके-जड. मराठी शब्दाचा जोर बहुधा पहिल्या अक्षरावर असतो. ‘देवाने आम्हांस दिले’ ही आठ अक्षरे त्या चालीवर टाकली की ‘दे’ आखूड सुरावर चिरडतो आणि ‘वा’ उगाच ताणला जातो.

यावर उपाय म्हणजे लघु-गुरू शब्द निवडणे. कृपा, दया, प्रभू, तुझी, सदा, नवे, जगी, पुढे असे शब्द आपल्याकडे भरपूर आहेत. उदाहरणार्थ:

*तुझी कृपा, प्रभू, सदा*
*घरात या वसो*

आठ आणि सहा अक्षरे, सगळीकडे लघु-गुरू, लघु-गुरू. एखाद्या ओळीला असा शब्द मिळाला नाही तर सुरुवातीला ‘हे’, ‘तू’, ‘जो’, ‘की’ असे एकाक्षरी शब्द येऊ द्या, त्यांना हलका सूर सोसतो. ८-८-८-८ च्या काही जुन्या चालींत पहिलाच सूर लांब असतो. तिथे ‘देवा’ किंवा ‘येशू’ने सुरुवात केली तरी बिघडत नाही. चालीची लांब-आखूड चिन्हे आधी कागदावर काढा आणि त्याखाली शब्द मांडा. गुणगुणत लिहिले तर आपणच नकळत शब्द वाकवतो आणि चूक ऐकू येत नाही.

मात्र चाल निवडण्याची मोकळीक असेल तर आमचे मत स्पष्ट आहे: वर्धापनदिनाला देशी चालच घ्यावी. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत रचले आणि ते १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. सुरुवातीच्या मिशन मंडळ्यांत इंग्रजी गीतांची भाषांतरे इंग्रजी चालींवर गायली जात असताना कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट घालून दिली, आणि ना. वा. टिळकांनी अभंग आणि पदे मंडळीच्या तोंडी बसवली. ‘उपासना संगीत’ हे मंडळ्यांचे गीतपुस्तक उघडून टिळकांची पदे वृत्ताच्या अंगाने वाचा. शब्द किती साधे आहेत आणि ओळ कुठे तुटते, एवढेच पाहिले तरी पुष्कळ शिकायला मिळते.

गायनमंडळ सुंदर गाते, पण नव्या गीताला मंडळी तोंड उघडत नाही. चाल आमच्याच एका तरुणाने दिली आहे आणि तिची पट्टी पेटीची काळी दोन आहे, म्हणजे दुसऱ्या काळ्या पट्टीवर षड्ज धरला आहे.
— तरुण संघ, सोलापूर

तुम्ही पाठवलेल्या चालीत मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापासून तार (वरच्या सप्तकातल्या) गंधारापर्यंत सूर लागतात. म्हणजे एक सप्तक आणि वर सहा सूर. एवढा विस्तार सामान्य गळ्याला कोणत्याही पट्टीत पेलत नाही, म्हणून पट्टी बदलून उपयोग नाही. चालच आवरावी लागेल.

बायका, पुरुष, मुले मिळून गातात तेव्हा बायकांना पांढरी एकपासून वरच्या पांढरी दोनपर्यंतचे सूर सहज लागतात, आणि पुरुष तेच सूर खालच्या सप्तकात घेतात. या नऊ सुरांच्या जागेत चाल राहिली पाहिजे. चाल मध्य षड्जापासून तार ऋषभापर्यंत जात असेल तर पेटीची पांढरी एक धरा. मंद्र पंचम ते मध्य धैवत अशी असेल तर पांढरी चार. तुमच्या तरुणाच्या चालीतला अंतरा तार गंधाराला भिडतो, तो तार षड्जावर थांबवा. आणि मंद्र पंचमाची जी एकच जागा आहे ती मंद्र निषादावर आणा. मग मंद्र निषाद ते तार षड्ज एवढाच विस्तार उरतो आणि काळी एक किंवा पांढरी दोन चालेल. उपासना सकाळी आठची असेल तर अर्धा सूर खालीच धरा, सकाळी गळे उघडलेले नसतात.

सर्वांत वरच्या सुरावर कोणते अक्षर येते तेही पाहा. तिथे आ, ए किंवा ओ हवा. ‘प्रीती’तली ‘ती’ किंवा ‘प्रभू’तला ‘भू’ उंच सुरावर आला की आवाज चिरतो. ओळीचा शेवट ‘देवा’, ‘येथे’, ‘गाऊ’ असा उघड्या दीर्घ स्वरावर असावा. ‘मंडळीत’ किंवा ‘आनंदात’ असा शेवट असेल तर तो ‘त’ सगळे एकाच वेळी कधीच म्हणत नाहीत.

तानांबद्दल थोडे. धृपदात एका अक्षराला दोनपेक्षा जास्त सूर नकोत. हरकती, मुरक्या हव्या असतील तर कडव्यात एकट्या गायकाला द्या आणि धृपद मंडळीसाठी सपाट ठेवा. राग भूप, दुर्गा, देस किंवा भीमपलास यांपैकी घेतला तर कानाला ओळखीचा असतो आणि लवकर बसतो.

एका लोकप्रिय चित्रपटगीताच्या चालीवर शब्द रचले तर मंडळी लगेच गाईल. कायद्याने चालते का? आणि माझ्या गीतावर हक्क कुणाचा, माझा की मंडळीचा?
— एक वाचक, नाशिक

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात खऱ्या धार्मिक विधीच्या वेळी केलेल्या सादरीकरणाला सवलत आहे. ती सवलत प्रत्यक्ष गाण्यापुरती समजावी. त्याच गीताचे ध्वनिमुद्रण करून यूट्यूबवर टाकले, सीडी काढली, पुस्तिका विकली, तर चालीच्या मालकाची परवानगी लागते. आजकाल वर्धापनदिनाचे चित्रीकरण त्याच संध्याकाळी वर चढवले जाते, म्हणून ही सवलत प्रत्यक्षात फारशी कामी येत नाही.

पण कायदा बाजूला ठेवला तरी आम्ही नकोच म्हणू. चाल सुरू झाली की लोकांच्या मनात मूळ शब्द वाजू लागतात. उपकारस्तुतीच्या जागी नायक-नायिका उभे राहतात आणि तुमचे शब्द कितीही चांगले असले तरी त्यांच्यामागे पडतात. चाल लवकर बसावी एवढाच हेतू असेल तर ओवी, भूपाळी, भजनी ठेक्यातला अभंग, पोवाडा या परंपरेतल्या चाली आहेत. त्या कुणाच्या मालकीच्या नाहीत आणि तितक्याच लवकर तोंडी बसतात.

जुन्या गीतकाराचे शब्द घेताना त्याच्या मृत्यूचे साल पाहा. हक्क मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतात. टिळक १९१९ साली वारले, म्हणजे त्यांच्या रचना मोकळ्या आहेत. त्यांना कुणी अलीकडे दिलेली चाल मात्र मोकळी नसते.

तुमचे गीत तुमचेच. मंडळीला हक्क द्यायचे असतील तर ते लेखी द्यावे लागतात. कागदावर मुदत लिहिली नाही तर कायद्याने ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. आमचा सल्ला असा की हक्क स्वतःकडे ठेवा आणि मंडळीला ‘उपासनेत गाण्यास, छापण्यास व ध्वनिमुद्रित करण्यास कायमची विनामूल्य परवानगी’ असे एका ओळीत लिहून द्या. चाल दुसऱ्याची असेल तर त्याचीही सही त्याच कागदावर घ्या.

आमच्या कॅथलिक धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) सुवर्ण महोत्सवी मिस्सात, म्हणजे वेदीवरच्या मुख्य उपासनेत, नवे गीत कुठे घालावे?
— गायकवृंदातील एक भगिनी, वसई

प्रवेशगीत म्हणून किंवा शेवटचे गीत म्हणून. महोत्सवाचा विषय थेट मांडणारे गीत प्रवेशाला शोभते, कारण मिरवणूक वेदीपर्यंत पोहोचेपर्यंत कडवी कमी-जास्त करता येतात. अर्पणाच्या वेळीही चालेल, पण तिथे वेळ कमी असतो, दोनच कडवी धरा. गौरवगीत, पवित्र-पवित्र, देवाचे कोकरू आणि प्रतिसाद स्तोत्र यांचे शब्द ठरलेले आहेत. त्यांच्या जागी स्वतःचे गीत घालता येत नाही. शब्द पक्के झाले की चाल लावण्याआधीच धर्मगुरूंना दाखवा. नंतर एक ओळ बदलायला सांगितली तर चालही बदलावी लागते.

गीतात ‘आपण’ म्हणावे की ‘आम्ही’?
— एक वाचक, संगमनेर

देवाशी बोलत असाल तर ‘आम्ही’, एकमेकांना हाक देत असाल तर ‘आपण’. ‘आपण तुझे उपकार गाऊ’ असे देवाला म्हणता येत नाही, पण नव्या गीतांत ते सर्रास आढळते. तसेच देव एका कडव्यात ‘तू’ आणि पुढच्यात ‘तो’ झालेला दिसतो. धृपद ‘तू’ला उद्देशून असेल तर सगळी कडवी ‘तू’चीच ठेवा, कारण प्रत्येक कडव्यानंतर धृपद परत येते आणि जोड तिथेच उघडी पडते.

शब्बाथ शाळेच्या (रविवारच्या धर्मशिक्षणवर्गाच्या) मुलांसाठी वेगळे गीत लिहावे का?
— शिक्षिका, नगर

वेगळे नको. त्याच गीताचे धृपद मुलांना द्या आणि कडवी मोठ्यांना. मुलांचे धृपद सहा-सात सुरांत बसले पाहिजे आणि आठवड्याभरात पाठ झाले पाहिजे, ही अट घातली की मोठ्यांसाठीही ते आपोआप सोपे होते.

किती आधी सुरुवात करावी? मागच्या वेळी आदल्या रात्रीपर्यंत शब्द बदलत होते.
— पाळक, छत्रपती संभाजीनगर

पाळकसाहेब, दहा आठवडे धरा. पहिले तीन आठवडे शब्दांचे. त्यानंतर कमिटीने एकदाच बसावे, सूचना लेखी द्याव्यात आणि दुरुस्ती मूळ लेखकानेच करावी. पाच जणांनी पाच ओळी बदलल्या तर मात्रांचा मेळ राहत नाही. या बैठकीनंतर शब्द बंद. पुढचे दोन आठवडे चालीचे, दोन गायनमंडळाच्या तालमीचे.

शेवटचे तीन रविवार मंडळीचे. पहिल्या रविवारी गायनमंडळाने सगळे गीत म्हणावे आणि मंडळीने फक्त धृपद. दुसऱ्या रविवारी दोन कडवी ओळीमागून ओळ सांगून घ्यावीत, कागद न देता; हातात कागद असला की लोक वाचतात, ऐकत नाहीत. तिसऱ्या रविवारी पूर्ण गीत. या तीन रविवारी कान उघडे ठेवा. एखाद्या जागी बरेच लोक दर वेळी वेगळाच सूर घेत असतील तर तो त्यांचा हट्ट समजू नका, चाल तिथे वळायला हवी तशी वळलेली नाही. लोक घेतात तो सूर कायम करा. महोत्सवाच्या दिवशी गीत पहिल्यांदाच ऐकवले तर तो कार्यक्रम होतो, मंडळीचे गाणे होत नाही.

लांबीचा हिशेब असा: सोळा मात्रांच्या चार ओळी आणि दोन ओळींचे धृपद मिळून ९६ मात्रा, म्हणजे मिनिटाला ९६ च्या लयीत एक कडवे एक मिनिट. चार कडवी, सुरुवातीचे वादन आणि शेवटी धृपदाची आवृत्ती धरून पाच मिनिटे होतात. पाचव्या कडव्याचा मोह आवरावा.

कागद छापताना अक्षर सोळा पॉइंटचे ठेवा, धृपद प्रत्येक कडव्यानंतर पुन्हा छापा, आणि ओळ कागदाच्या कडेला अर्धी तुटू देऊ नका. पडद्यावर दाखवणार असाल तर एका वेळी चारच ओळी, आणि पुढची पाटी शेवटच्या ओळीच्या मध्यावर बदला, ओळ संपल्यावर नाही. गीताखाली शब्द कुणाचे, चाल कुणाची, ताल, पट्टी आणि साल एवढे लिहा. त्याची एक प्रत, स्वरलिपीसह, मंडळीच्या दप्तरात लावून ठेवा. पेटीवर बसणारा माणूस बदलला तरी चाल तिथून पुन्हा काढता येईल.